मुठीवरचा खळगा

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर वर्षी मी आपल्यासमोर कामाचा अहवाल घेऊन उभी राहते. या वर्षी एक वस्तू घेऊन आले आहे. हा माझ्या वडिलांचा रंधा.

बाबा सुतार होते. मिशनच्या उद्योगशाळेत त्यांनी काम शिकले आणि पुढे चाळीस वर्षे संगमनेरच्या आसपासच्या गावांत दारांच्या चौकटी, खाटा, पाळणे आणि चर्चचे बाक केले. ते गेल्यावर त्यांच्या हत्यारांची पेटी आम्ही भावंडांनी उघडली. करवती, पटाश्या, गुण्या, गिरमिट, दोन रंधे. भावाचे घर दोन खोल्यांचे, तिसऱ्या मजल्यावर. तो म्हणाला, "ताई, ठेवायचं कुठं?" त्याचेही खरे होते. बरीचशी हत्यारे बाबांच्या हाताखाली शिकलेल्या एका कारागिराला दिली. हा रंधा मात्र मी मागून घेतला.

मला रंधा मारता येत नाही. याचे पातेसुद्धा मूळचे नाही, बाबांनी ते दोनदा बदलले होते. पण इथे, मागच्या बाजूला, लाकडात एक खळगा पडला आहे. तो कोणी कोरलेला नाही, बाबांच्या तळहाताने घासून घासून पडला आहे. लहानपणी मी त्यांच्या पायाशी बसून रंध्यातून निघणारी कुरळी सालपे गोळा करायची. आता कधी मन जड झाले की मी या खळग्यात हात ठेवते. माझा हात लहान आहे, तो भरून निघत नाही.

हे आधी सांगितले, कारण आता जे सांगणार आहे ते माझ्याच हातून घडले. वडिलांचा रंधा कपाटात जपून ठेवणाऱ्या बाईने ते केले.

तीन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या आधी, रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरी वाडीवर आपण नवे कोयते वाटले. आपल्याच देणग्यांतून ते घेतले होते. कातकऱ्याच्या घरी कोयत्याचे काय मोल आहे हे आपणांपैकी जे वाडीवर येऊन गेले त्यांनी पाहिले आहे. कुडासाठी कारवी तोडायची कोयत्याने, जळण फोडायचे कोयत्याने, रानातून वाट काढायची ती कोयत्याने. दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंब वीटभट्टीवर निघते तेव्हा भांड्यांच्या बोचक्यासोबत कोयताही जातो.

नवे कोयते लोक विकून टाकतील अशी मला धास्ती होती. म्हणून मी नियम काढला: जुना कोयता जमा करा, नवा घ्या. रांग लागली. जुने कोयते पोत्यांत भरले आणि संध्याकाळी तालुक्याच्या गावी भंगारात घातले. आलेले पैसे चोख हिशेबात लिहिले. त्या रात्री मला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवरचा एक तरुण दारात उभा. दोन तास चालत आला होता. नवा कोयता त्याने पायरीवर ठेवला आणि म्हणाला, "ताई, हा नको. माझ्या बापाचा द्या."

मी विचारले, "अरे, मग काल का नाही बोललास?"

तो म्हणाला, "काल तुम्ही रांगेत उभं केलं होतं."

बंधुभगिनींनो, या एका वाक्याने मला जे शिकवले ते धर्मशिक्षणाच्या तीन वर्षांत शिकले नव्हते. ज्याला घ्यायचे असते त्याला नाही म्हणता येत नाही. देणाऱ्याने हे ओळखायचे असते.

आम्ही लगेच भंगारवाल्याकडे गेलो. लोखंड वजनावर जाते, म्हणून त्याने रात्रीच मुठी फोडून पाती वेगळी केली होती. लाकूड चुलीत गेले होते. त्या ढिगातून मुलाने आपले पाते क्षणात काढले. टोकाजवळ एक खाच होती, तिच्यावरून. ते हातात घेऊन तो ढिगाभोवती फिरला, खाली वाकून पाहिले, मग गप्प झाला. परतीच्या वाटेवर जीपमध्ये त्याने सांगितले. बाप भट्टीवर वारला, तेव्हा हा दहा-बारा वर्षांचा होता. घरी आला तो फक्त कोयता. "फोटो नाही ताई त्याचा. मूठ होती. धरली की त्याची बोटं लागायची."

माझ्याजवळ बोलायला काही नव्हते. मी क्षमा मागितली. त्याने मान हलवली. त्याने क्षमा केली असे मी समजत नाही.

आपल्याकडे वारसा म्हटले की सातबारा येतो, घर येते, दागिने येतात. ज्यांची झोपडी उभी आहे ती जमीनसुद्धा कित्येकदा त्यांच्या नावावर नाही, अशा घरात बापाकडून मुलाकडे काय येते? एक कोयता, एखादे जाळे आणि ते वापरण्याची हातातली कला. ते आपण जुने म्हणून किलोवर घालतो, तेव्हा त्या घरातला एकमेव वारसा विकतो.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, सहाव्या अध्यायात, अलीशाची एक लहानशी गोष्ट आहे. यार्देनेकाठी लाकूड तोडताना एका शिष्याच्या कुऱ्हाडीचे पाते पाण्यात पडले. कुऱ्हाड मागून आणलेली होती, म्हणून तो कळवळला. देवाच्या माणसाने त्याला नवी कुऱ्हाड घेऊन दिली नाही. ते कोठे पडले, असे त्याने आधी विचारले आणि तेच पाते वर आणले. मी ही गोष्ट अनेकदा शिकवली होती. विचारायचे मात्र विसरले होते.

आता आपले काम कसे चालते ते सांगते. दर वर्षी मे महिन्यात आपण लोहाराला त्याच्या भात्यासह दोन दिवस वाडीवर नेतो. लोक आपापले कोयते, विळे, कुऱ्हाडी आणतात. लोहार पात्याला ठोकून धार काढतो, ते तापवून त्याला पुन्हा पाणी देतो. जुनी पाती पुष्कळदा गाडीच्या कमानीच्या पाट्याची असतात. ते पोलाद चिवट असते, आणि आम्ही वाटलेल्यांतले काही कोयते पहिल्याच पावसाळ्यात वाकले हेही इथे कबूल करते. सैल मूठ असेल तर ती काढून टाकत नाही, शेंबी बसवून घट्ट करतो. ज्याच्याजवळ हत्यारच नाही त्याला नवे मिळते. जुने कोणाकडून घेत नाही.

त्या तरुणाने धामणीच्या लाकडाची मूठ स्वतः करून त्या पात्याला बसवली. मागच्या महिन्यात मी हा रंधा त्याला दाखवला. त्याने उलटापालटा करून पाहिला, खळग्यावर अंगठा फिरवला आणि विचारले, "हा तुमच्या बाबाचा हात ना?" मी हो म्हटले. त्याने रंधा दोन्ही हातांनी मला परत दिला.

आज आपणांकडे दोन मागण्या आहेत. पहिली, लोहाराच्या दोन दिवसांच्या मजुरीसाठी आणि कोळशासाठी हातभार लावा. नव्या वस्तूंच्या वाटपासारखा याचा फोटो चांगला येत नाही, तरी लावा. दुसरी मागणी आपल्या घरासाठी. माळ्यावर आईची विळी, आजोबांची करवत किंवा वडिलांचा हातोडा पडला असेल तर खाली काढा. गंज रॉकेलने भिजवून काचकागदाने घासा, पात्याला तेलाचा हात द्या, लाकडाला जवसाचे तेल चोळा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दमट होऊन पुन्हा गंज चढतो. मग मुलांना जवळ बसवून ते कोणाच्या हातचे आहे ते सांगा.

मत्तय प्रभूला सुताराचा पुत्र म्हटल्याचे सांगतो आणि मार्क सुतार म्हटल्याचे. या दोन शब्दांच्या मध्ये नासरेथातली किती वर्षे, योसेफाची कोणती हत्यारे होती, हे शास्त्रात लिहिलेले नाही. पण त्या मुलाच्या हातातही कोणाच्या तरी हाताने गुळगुळीत झालेली मूठ आली असेल, असे मला वाटते.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.