आधी मोजा, मग कॉल करा

श्रोतेहो, समोरच्याने लावली तेवढीच रक्कम घालून डावात राहणे, याला पोकरमध्ये ‘कॉल’ म्हणतात. ‘बघू तरी त्याच्याकडे काय आहे!’ या कुतूहलापायी इथे बराच पैसा जातो.

समजा, तुमच्या हातात दोन बदाम आहेत आणि टेबलावरच्या चार पानांत आणखी दोन. समोरचा सध्या वरचढ आहे. शेवटचे पान बदामचे आले, तर तुमचा फ्लश होईल. न दिसलेली पाने ४६, त्यांत बदाम ९. म्हणजे साधारण पाचात एक संधी. मध्ये १०० रुपये होते, त्याने १०० लावले. २०० मिळवायला १०० घालायचे, तर निदान तिनात एक संधी हवी. हिशेब जुळत नाही, पाने टाकावीत. मध्ये ५०० असते, तर हाच कॉल योग्य ठरला असता.

माझा नियम साधा आहे. आकडा मनात म्हटल्याशिवाय चिपांना हात लावत नाही. आधी घातलेले पैसे आपले धरत नाही. ते आता डावाचे. पाने टाकल्यावर बदाम निघाला, तरी हळहळत नाही. ज्याला मोजता येते त्याला थांबताही येते आणि त्याचा घरखर्चाचा पैसा घरातच राहतो.