भाडेकरारावर नाव कुणाचं?

(भाट्ये येथील महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज मी भाड्याने घर घेण्याबद्दल बोलणार आहे. हुंडा, मारहाण, पोटगी या विषयांवर आपण पुष्कळ बोललो. पण कुठलंही प्रकरण घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रश्न येतोच, आता हिने राहायचं कुठे? सासरचं दार बंद, आणि माहेरी चार दिवसांच्या वर राहिली की भावजयीचा चेहरा बदलतो. सांगली जिल्ह्यात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने १९८० च्या दशकात परित्यक्तांचा प्रश्न उचलला. इंदुताई पाटणकर त्यात पुढे होत्या. त्या बायकांनी नुसती पोटगी मागितली नाही, वेगळं रेशनकार्ड आणि घरासाठी जागा मागितली. जागा मिळेल तेव्हा मिळेल. तोवर बाईच्या हाताशी असते ती भाड्याची खोली. आणि ती पहिल्यांदा स्वतःच्या नावावर घेताना काय विचारायचं, कुठला कागद मागायचा, हे आपल्यातल्या बहुतेकींना ठाऊक नसतं. घराचे व्यवहार आजवर बापाने, नाहीतर नवऱ्याने केलेले.

तुमच्या भाट्यात ही गरज आहेच. पूल ओलांडला की रत्नागिरी. शहरातलं भाडं झेपत नाही म्हणून नोकरी करणाऱ्या, शिकणाऱ्या मुली पुलाच्या या बाजूला खोली बघायला येतात. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या येतात. घरं रिकामी आहेत, कारण मालक मुंबईला. किल्ली शेजारच्या काकींकडे, व्यवहार फोनवर. भाडं धाकटा भाऊ घेतो, घरपट्टी थोरला भरतो आणि घर अजून आजोबांच्या नावावर. म्हणून आधी ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ चा उतारा बघा. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही, पण घर कुणाच्या नावे लागलंय ते कळतं. नावं तीन असतील तर तिघांची संमती मागा. नाहीतर एका भावाला भाडं द्याल आणि दुसरा येऊन कुलूप लावेल.

गणपतीचं तर विचारूच नका. चाकरमानी गणपतीला येतात, शिमग्याला येतात. तेव्हा भाडेकरू बाईला सांगितलं जातं, आठ दिवस जरा बहिणीकडे जा. भाडं मात्र पूर्ण महिन्याचं. गणपती त्यांच्या घरचा, हे मान्य. पण मग खोली घेतानाच ठरवा, माजघर त्यांचं, पडवीची खोली तुमची, आणि खोली सोडावी लागली तर तेवढ्या दिवसांचं भाडं वजा. हे करारात लिहून घ्या. तसंच जूनच्या आधी कौलं कोण चाळणार, विहिरीच्या पंपाचं बिल कोण देणार, विजेचा मीटर एकच असेल तर हिशेब कसा, हेही लिहा. करारात असल्या गोष्टी कुणी लिहीत नाही आणि भांडणं यावरूनच होतात.

आता मालक म्हणेल, कागद कशाला? विश्वास आहे ना! ही भीती कुठून येते ते समजून घ्या. कोकणात कूळ हा शब्द अजून जिवंत आहे. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनाने कुळं जमिनीची मालक झाली. ते न्याय्यच होतं. पण ज्यांच्या जमिनी गेल्या त्या घरांत तेव्हापासून एकच धडा दिला जातो, कुणाला लिहून म्हणून द्यायचं नाही. घरांच्या बाबतीतही १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर राहत असलेल्यांना मुंबई भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने भाडेकरूचं संरक्षण मिळालं होतं. तेव्हा मालकाची भीती अगदीच हवेतली नाही. शिवाय मालक म्हणजे प्रत्येक वेळी कुणी बडा पुरुष नसतो. गावात एकटी राहणारी म्हातारी विधवा असते, त्या भाड्यावर तिची औषधं चालतात. तिला शांतपणे सांगायला हवं की कूळकायदा शेतजमिनीचा आहे, आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या करारात आपल्याला मिळते ती ठराविक मुदतीपुरती राहण्याची परवानगी. उलट कागद नसला तर तिचाच तोटा आहे.

तो कसा? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ साली झाला आणि २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि वाद झाला तर भाडं किती, अटी काय, याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने ते खोटं ठरवेपर्यंत. मात्र हा कायदा गावोगाव सरसकट नाही. तो लागू असलेली क्षेत्रं त्याच्या परिशिष्टांत दिलेली आहेत. म्हणून नगरपालिकेच्या हद्दीतल्या मैत्रिणीचा नियम ग्रामपंचायतीच्या हद्दीत जसाच्या तसा धरू नका, दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा. कायदा लागू असो नसो, नोंदवलेला करार आपल्या फायद्याचाच. ‘अकरा महिने’ हे देवाचं वाक्य नाही. नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, ते टाळायला ही पळवाट रूढ झाली. मुद्रांक शुल्काचा बाऊही करतात. महिना चार हजार भाडं आणि बारा हजार डिपॉझिट असेल, तर पाव टक्क्याने अकरा महिन्यांचे सव्वाशेच्या आत होतात. नोंदणी फी वेगळी. मुदत संपल्यावर मात्र खोली अडवून बसू नका. त्या १९९९ च्या कायद्यात मालकाला दुप्पट दराने भरपाई मागता येते.

डिपॉझिट आणि भाडं बँकेतून द्या. रोख दिलंत तर पावती, तीही स्वतःच्या नावाची. कारण हा कागद नुसता खोलीचा नाही. रेशनकार्ड वेगळं करायचं, गॅस घ्यायचा, मुलाचं नाव शाळेत घालायचं, सगळीकडे पत्ता विचारतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री रेशनकार्डापुरती कुटुंबप्रमुख मानली आहे. बाई कुटुंबप्रमुख झाली, पण राहण्याचा पुरावा मामाच्या नावचा, असं किती ठिकाणी दिसतं! ‘पुरुषाचं नाव घाला, बरं दिसतं’ असं मालक म्हणाला तर मामाला साक्षीदार करा. राहणारी तुम्ही, सही तुमची.

आणि ते प्रश्न. मिस्टर कुठे असतात? कोण कोण येणार? रात्रपाळी असते का? इथे मासे चालतात, पण आडनाव चालत नाही. मुसलमान बाईला, दलित बाईला खोली ‘कालच गेली’ म्हणून सांगतात आणि पाटी महिनाभर तशीच. त्यातून ती एकटी असेल तर दुहेरी फेरा. अशा बाईबरोबर आपण दोघी-तिघींनी जायला हवं. भाडं वेळेवर येईल का, हे विचारण्याचा हक्क मालकाला आहे. भाऊ भेटायला किती वाजता आला, हे विचारण्याचा नाही. ओळखपत्राची प्रत मागितली तर द्या, पण तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून सही करा.

ज्या बायका आज नवऱ्याच्या नावावरच्या भाड्याच्या घरात आहेत, त्यांच्यासाठी एक. नवरा निघून जातो, भाडं थांबवतो आणि मालकाला सांगतो, तिला बाहेर काढ. निघू नका. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा सामायिक घर म्हणतो त्यात भाड्याचं घरही येतं. न्यायालय नवऱ्याला दुसरी तशीच जागा द्यायला किंवा तिचं भाडं भरायला सांगू शकतं. त्याच वर्षी बी. पी. अचला आनंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नवऱ्याने टाकलेली बायको भाड्याच्या घरात राहत असेल आणि नवरा खटला लढत नसेल, तर घर खाली करण्याच्या दाव्यात तिला स्वतः उभं राहता येतं. भाडं मात्र तिने भरत राहिलं पाहिजे. आणि घटस्फोट झाला की, त्यात घराबद्दल काही ठरलेलं नसेल तर, हा हक्क उरत नाही. म्हणून परस्परसंमतीच्या कागदावर सही करण्याआधी घराचं कलम वाचा. पोटगीच्या आकड्यावर महिनाभर घासाघीस होते आणि घराची ओळ कुणी बघत नाही.

सासऱ्याच्या नावावरच्या घराचंही विचारलं जातं. २००६ च्या बत्रा निकालाने तिथला हक्क जवळजवळ काढून घेतला होता. १५ ऑक्टोबर २०२० ला सतीश चंदर आहुजा निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका सोडली. त्यावर पुढच्या वेळी सविस्तर बोलू.

काही जणींनी आपले करार आणलेत. ते इथे मध्ये ठेवा. चहा येईपर्यंत दोन-तीन मोठ्याने वाचून होतील. ज्यांनी नुसता तोंडी व्यवहार केलाय त्यांनीही बसा, भाडं दिल्याच्या तारखा आठवतील तशा वहीत लिहायला आजच सुरुवात करू.