दाखल-खारीजमधलं नाव



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातल्या अनेकांच्या फाइलमध्ये एक कागद जपून ठेवलेला असेल. आजोबांच्या शाळेतला दाखल-खारीजचा उतारा. जात पडताळणीसाठी तो मिळवताना किती हेलपाटे झाले, हे तुमच्या घरच्यांना विचारावं. नावात एक काना कमी, आडनावाची वेलांटी वेगळी, जमातीच्या रकान्यात ‘माडिया’च्या जागी भलतंच काही, मग शपथपत्र, पुन्हा शपथपत्र. रजिस्टरातल्या एका ओळीत माणसाचं काय काय अडकतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून आज एका दूरच्या रजिस्टराची गोष्ट सांगतो.

फ्रान्सच्या दक्षिण भागात काप्देनाक गावाजवळ मासिपचं कॉन्व्हेंट होतं. आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हटलं की केजीची इंग्रजी शाळा डोळ्यांसमोर येते; हा मात्र कॅथलिक सिस्टरांचा मठ, सोबत निवासी शाळा. प्रमुख होत्या डेनीझ बेर्गों, वय जेमतेम तिशीचं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ सालच्या उन्हाळ्यात, तिथल्या ज्यू कुटुंबांची धरपकड सुरू झाली. माणसं मालगाड्यांत कोंबून पूर्वेकडच्या छळछावण्यांकडे पाठवली जात होती. तुलूझचे आर्चबिशप सालियेज यांनी ऑगस्टमध्ये चर्चांतून पत्र वाचायला लावलं, की ज्यू हीही आपल्यासारखीच माणसं आहेत. बेर्गोंनी त्यांनाच विचारलं: मुलांना लपवायचं तर रोज खोटं बोलावं लागेल, व्रतस्थ बाईनं ते बोलावं का? जीव वाचत असतील तर खुशाल बोला, असा त्यांचा निर्वाळा होता.

डिसेंबर १९४२ ते जुलै १९४४ या काळात ८३ ज्यू मुलं त्या मठात राहिली. या मुलांना प्रार्थना येईनात, क्रूसाची खूण करता येईना. कुणी विचारलं की सांगायचं, ही कम्युनिस्टांची मुलं, घरी देवधर्म नव्हता. मठातल्या सगळ्या सिस्टरांनाही खरं माहीत नव्हतं. १९४४ मध्ये नाझींच्या एसएसच्या तुकड्या त्या भागात आल्या, तेव्हा काही मुलांना प्रार्थनागृहाच्या जमिनीखालच्या ठेंगण्या पोकळीत दडवलं गेलं. वर प्रार्थनागृह, खाली सात पोरं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. बाहेर आल्यावर त्यांना उभं राहता येत नसेल, असं माझ्या मनात नेहमी येतं.

पण मला या बाईंचं सर्वांत मोठं वाटतं ते वेगळंच काम. आईबापांनी निरोप देताना मुलांच्या हाती दिलेले दागिने, किडूकमिडूक त्यांनी रात्री बागेत पुरून ठेवलं. का? तर उद्या आईबाप आले, किंवा ते नाही आले तरी हे मूल मोठं झालं, की ज्याचं त्याला परत करता यावं. मूल आपल्या पदराखाली आलं म्हणून ते आपलं झालं, असं त्यांनी मानलं नाही.

पोलंडमध्ये हेच काम याहून भयंकर होतं. १९४१ च्या ऑक्टोबरपासून तिथं ज्यूंना आसरा देणाऱ्याला देहदंड होता. तरीही वॉर्सामध्ये मदर मातिल्दा गेटर यांनी आपल्या संघाच्या अनाथालयांची दारं उघडली आणि शेकडो मुलं वाचवली. तिथं मुलांना नवी नावं आणि बाप्तिस्म्याचे दाखले मिळाले. खोटा कागद तिथं जिवाचा कागद होता.

आता अवघड भागाकडे येतो. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या ज्यू डॉक्टर फिनाली आणि त्यांच्या पत्नीला १९४४ मध्ये पकडून नेलं, ते परतले नाहीत. रोबेर आणि जेराल ही त्यांची दोन लहान मुलं सिस्टरांच्या हातून नगरपालिकेच्या शिशुगृहाकडे गेली, आणि वाचली. युद्ध संपलं, त्यांच्या आत्या त्यांना शोधू लागल्या. शिशुगृहाच्या प्रमुख बाईंनी मुलं द्यायला नकार दिला आणि १९४८ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा करून घेतला. न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला, तेव्हा १९५३ साली पोरांना सीमेपलीकडे स्पेनमध्ये दडवलं गेलं. त्यात काही सिस्टरांना आणि धर्मगुरूंना अटक झाली. मुलं जूनमध्ये परत मिळाली. त्या बाईंचं मुलांवर प्रेम नव्हतं, असं मी म्हणणार नाही. प्रेम होतं, आणि त्या प्रेमानंच मुलांची ओळख त्यांच्यापासून तोडली.

आसरा ओळख न पुसताही देता येतो. त्याच दशकात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांचं चर्च त्यांचं, शाळा पोलिश भाषेच्या. कुणी त्यांना कोल्हापुरी करायला गेलं नाही. आपल्या मुलचेऱ्यात पूर्व बंगालातून उखडून आलेल्या कुटुंबांच्या वसाहती तुम्ही पाहिल्याच आहेत. बंगाली बोली आणि दुर्गापूजा तिथं आजही नांदतात. धानोरा तालुक्यातल्या मोहगावात तर ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच्या हिमतीवर सुरू केली. आपल्याच जंगलात आपल्याच भाषेला आसरा द्यायची वेळ यावी, हे मला सहन होत नाही.

उद्या तुम्ही मास्तर व्हाल, अधीक्षिका व्हाल, ग्रामसेवक, नर्स, तलाठी व्हाल. आश्रमशाळेच्या फाटकातून पाच-सहा वर्षांचं मूल आत येईल. रजिस्टर तुमच्यासमोर असेल, पेन तुमच्या हातात.

मी चाळीस वर्षांपूर्वी एका आश्रमशाळेत रुजू झालो, तेव्हा मला माडिया भाषेचा एकही शब्द येत नव्हता. पहिल्याच आठवड्यात एक मुलगी बापाच्या बोटाला धरून आली. तिनं नाव सांगितलं, मला कळलं नाही. पुन्हा सांगितलं, मला लिहिता येईना. मागे रांग होती. मी माझ्या धाकट्या बहिणीचं नाव तिला लिहून दिलं. अगदी मायेनं दिलं. पुढं सात वर्षं ती त्याच नावाला ओ देत राहिली.

मी निवृत्त झाल्यावर ती माझ्या दारी आली. मुलाची पडताळणी अडली होती. गावच्या कागदांत आईचं नाव एक, शाळेच्या दाखल्यात दुसरं. मास्तर म्हणून मी लिहून द्यावं, एवढंच तिचं मागणं होतं. मी कागद घेतला आणि म्हटलं, बाई, तुझं नाव सांग. तिनं सांगितलं. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं, मग तिसऱ्यांदा. मधला एक स्वर आपल्या बाराखडीत नीट बसत नाही. ती माझ्या ओठांकडे बघत होती, मी बरोबर म्हणेपर्यंत तिनं मान हलवली नाही.