वाइनचा पेला आणि द्राक्षाचा भाव

(चांदूर रेल्वे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय कळला तेव्हा काही ज्येष्ठ मित्रांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते स्वाभाविक आहे. गुरुकुंज मोझरी आपल्या शेजारच्या तालुक्यात आहे, आणि वर्धा नदी ओलांडली की 1970 च्या दशकापासून दारूबंदी असलेला जिल्हा सुरू होतो. अशा ठिकाणी उभे राहून समाजवादी कार्यकर्त्यांपुढे वाइनवर बोलायचे, म्हणजे एक तर तिचा निषेध करावा, नाही तर विषय काढूच नये, अशी आपली समजूत आहे. मला या दोन्ही गोष्टी करावयाच्या नाहीत. ज्या उद्योगाला आपले शासन पाव शतक मांडीवर घेऊन बसले आहे, त्याचा हिशेब पाहणे हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काम आहे आणि तेवढेच मी करणार आहे.

पुण्यामुंबईच्या सुखवस्तू वर्गात शनिवार-रविवारी वाइनच्या कारखान्यांना भेट देण्याची रीत आता रुळली आहे. कारखाना हा शब्द तेथे कोणी वापरत नाही, 'वायनरी' म्हणतात. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात, दिंडोरीकडे, इगतपुरीच्या बाजूला अशा वायनऱ्या आहेत. वऱ्हाडातील तरुणही हल्ली रात्री बडनेऱ्याला गाडीत बसतात आणि सकाळी नाशिकरोडला उतरून तिकडे जातात. माझ्याही घरच्या तरुण मंडळींनी मला नेले. दरडोई शुल्क भरले की दहा-पंधरा जणांचा गट करतात. प्रथम पोलादी टाक्या दाखवतात, मग ओक लाकडाची पिंपे, आणि शेवटी एका लांब मेजापाशी उभे करून पाच-सहा प्रकारच्या वाइनचा दोन-दोन घोट नमुना देतात. पेला दांडीला धरावा, तिरपा करून रंग पाहावा, घुसळून वास घ्यावा आणि मग जिभेवर घोळवावे, असा विधी आहे. जाणकार घोट चाखून थुंकून टाकतात आणि त्यासाठी भांडेही ठेवलेले असते. शनिवारचा पाहुणा मात्र थुंकत नाही. मीही थुंकलो नाही. शेनँ ब्लाँ नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन मला बरी वाटली. तांबडी घशाशी तुरट लागली. ज्यांच्या घरात द्राक्षासवाची बाटली औषध म्हणून सन्मानाने नांदते, त्यांनी या अनुभवाने फार दचकण्याचे कारण नाही.

तेथील तरुण मार्गदर्शकाने जमिनीचा पोत सांगितला, समुद्रसपाटीपासूनची उंची सांगितली, रात्रीच्या थंडीने द्राक्षातील आम्लता कशी टिकते तेही उत्तम समजावले. मी त्याला विचारले, "या द्राक्षाला शेतकऱ्याला भाव काय मिळतो?" तो नम्रपणे म्हणाला, "सर, ते खरेदी विभागाला विचारावे लागेल." त्यात त्या मुलाचा काहीच दोष नाही. पण तासाभराच्या त्या सफरीत मातीला, लाकडाला, हवेला स्थान होते, भावाला नव्हते.

हा भाव इतका महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी द्राक्षाची जात लक्षात घेतली पाहिजे. आपण खातो ते थॉमसनसारखे बिनबियांचे द्राक्ष. बाजारात भाव पडला तर शेतकरी ते शीतगृहात ठेवतो, नाही तर तासगावकडे करतात तसे त्याचे बेदाणे करतो. वाइनचे द्राक्ष बारीक मण्यांचे, जाड सालीचे आणि बियांचे असते. त्याला खाणारे गिऱ्हाईक नाही आणि त्याचे बेदाणेही कोणी करीत नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, औषधफवारणी, ठिबक हा सारा खर्च करून जानेवारी ते मार्चमध्ये माल तयार झाला की तो तोडल्यावर शक्यतो त्याच दिवशी चिरडावा लागतो. वेल लावल्यापासून पुरते उत्पन्न सुरू व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. म्हणजे माल नाशवंत, गिऱ्हाईक एक आणि गुंतवणूक दीर्घ मुदतीची. अशा बाजारात भाव कोण ठरवतो, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. पाऊण लिटरच्या बाटलीला साधारण एक किलो, फार तर थोडी अधिक द्राक्षे लागतात. बाटलीवरची किंमत आणि किलोचा भाव शेजारीशेजारी लिहून पाहावेत.

2008 च्या जागतिक मंदीनंतर हॉटेलांतील आणि पर्यटनातील मागणी खालावली, तेव्हा या बाजाराचे खरे रूप नाशिक जिल्ह्याने पाहिले. कारखान्यांच्या टाक्या भरलेल्या होत्या, खरेदी थांबली, आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षाच्या बागा उपटून टाकल्या. कारखानदाराचा तोटा बँकेच्या वहीत नोंदवला गेला. शेतकऱ्याचा त्याच्या शेतातच राहिला.

आता शासनाकडे वळू. 2001 साली महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. वाइनला उत्पादनशुल्क माफ झाले, पुढे मुदतवाढही मिळाली. विंचूर आणि पलूस येथे वाइन उद्योगासाठी खास वसाहती आखल्या गेल्या. नंतर विक्रीवरील वीस टक्के मूल्यवर्धित करापैकी सोळा टक्क्यांइतका भाग उत्पादकाला परत देण्याची योजना आली. मध्यंतरी ती थांबली आणि 2024 च्या प्रारंभी पुन्हा सुरू झाली. या प्रत्येक निर्णयाच्या प्रस्तावनेत शेतकरी आहे. 27 जानेवारी 2022 रोजी मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हाही समर्थनार्थ शेतकऱ्यालाच पुढे केले गेले. विरोधकांनी 'मद्यराष्ट्र' म्हणून गदारोळ केला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय बासनात गेला. त्या साऱ्या वादात नीतीवर भरपूर बोलले गेले. करपरताव्याचा रुपया कारखान्याच्या फाटकाच्या आत राहतो की बांधापर्यंत पोचतो, हे विचारणारे फार थोडे होते.

वऱ्हाडच्या माणसाने ही तारीखवारी जरा थांबून पाहावी. 1972 साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना आपल्या डोळ्यांदेखत याच शतकाच्या प्रारंभी मोडीत निघाली. तिच्यात भ्रष्टाचार होता, चुकारे रखडत होते, हे मला ठाऊक आहे. त्याविरुद्ध आपणच मोर्चे काढले. पण कापसाच्या भावाची हमी ही 'तूट' ठरली आणि त्याच सुमारास वाइनवरील करमाफी ही 'प्रोत्साहन' ठरली. खर्च दोन्हीकडे सरकारी तिजोरीचाच. एकीकडे पैसा कापूसवाल्याच्या हाती जात होता, दुसरीकडे तो बाटली भरणाऱ्याच्या हाती जातो. संत्र्याचे तर विचारूच नका. वरूड-मोर्शीचा बारीक माल दरसाल मातीमोल जातो. नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की कडवट होतो, ही अडचण खरी आहे. परंतु द्राक्षासाठी जेवढी सवलत आणि जेवढा धीर शासनाने दाखवला, त्याचा अर्धा तरी संत्र्याच्या वाट्याला यायला हवा होता. संत्र्याची वाइन करा असे मी म्हणत नाही. द्राक्षाला दिलेली वागणूक संत्र्याला द्या, एवढेच म्हणतो.

आणि मेळघाटातल्या कोरकूची मोहाची दारू? ती पोलिसांच्या लेखी हातभट्टी. फूल त्याच्या रानातले, कृती त्याच्या आजीची, पण मेजाभोवती उभे राहून तिचा वास घेण्यासाठी कोणी शुल्क भरीत नाही. हातभट्टीची भलावण मला करायची नाही. तिने उद्ध्वस्त झालेली घरे मी पाहिली आहेत, तुम्हीही पाहिली आहेत. कायद्याचे दोन डोळे दोन दिशांना पाहतात, एवढे मात्र नोंदवून ठेवतो. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी 2008 च्या नियमांनी स्त्रियांना आडव्या बाटलीच्या मतदानाचा अधिकार दिला आणि कार्यकर्त्या भगिनींनी तो अनेक ठिकाणी यशस्वीपणे वापरला. मोठ्या दुकानातील वाइनचे कपाट त्या मतपेटीच्या कक्षेत येणार होते काय, हा प्रश्न 2022 मध्ये आपण मोठ्याने विचारायला हवा होता.

मग समाजवाद्याने या उद्योगाकडे पाहावे कसे? फ्रान्सच्या दक्षिणेला बेझिए शहराजवळ मारोसाँ नावाचे गाव आहे. तेथील छोट्या द्राक्षशेतकऱ्यांनी 1901 साली एकत्र येऊन आपली वाइन पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्थांना विकण्यास आरंभ केला. मधला व्यापारी गाळला. 1905 मध्ये ज्याँ जोरेस हे थोर समाजवादी नेते मुद्दाम ती संस्था पाहायला गेले. त्यांची ती भेटही वायनरीचीच भेट होती! दोनच वर्षांनी, 1907 मध्ये, त्याच प्रदेशात भाव कोसळल्यामुळे आणि साखर मिसळून केलेल्या बनावट वाइनमुळे लाखो शेतकरी रस्त्यावर आले, नारबोनमध्ये गोळीबार झाला, आणि अखेर सरकारला भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला.

हे आपल्याला परके वाटू नये. उसाचेही असेच आहे; तोडल्यावर तो थांबत नाही. म्हणूनच विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला. त्या सहकाराचे पुढे काय झाले हे मला कोणी ऐकवू नये. मी ते वर्गात तीस वर्षे शिकवले आहे. तरीही उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे आणि 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशान्वये चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे. वाइनच्या द्राक्षाला यातले काही नाही. नारायणगाव येथे आणि पिंपळगाव बसवंत येथे 1980 च्या दशकात फेसाळ वाइनचे पहिले धाडसी प्रयोग झाले. ते टिकले नाहीत. त्यानंतरच्या काळात मात्र धोरण ज्यांनी आखले त्यांना शेतकऱ्याच्या मालकीचा विचार सुचला नाही.

माझी मागणी साधी आहे. करपरतावा हवा असेल त्या कारखान्याने द्राक्षखरेदीचा दर हंगामाआधी जाहीर करावा, करार मराठीत करावा, आणि चौदा दिवसांत पैसे चुकते केल्याचा दाखला जोडावा. दाखला नसेल तर परतावा नाही. शेतकऱ्यांची उत्पादक संस्था स्वतः वाइन करू इच्छीत असेल तर वसाहतीतील भूखंड आधी तिला मिळावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, योजनेच्या शासन निर्णयात चार ओळी घालाव्या लागतात. त्या ओळींचा मसुदा मी चक्रमुद्रित करून आणला आहे. संत्र्यासाठी पाचवी ओळ कशी घालावी यावर वरूड-मोर्शीच्या साथींनी दुपारच्या सत्रात सूचना द्याव्यात.