सायकलीची शर्यत : माणसाची कीं यंत्राची ?

सायकलीची शर्यत पाहणाऱ्यास ती निव्वळ पायांच्या बळाची परीक्षा वाटते. परंतु स्वार आणि त्याची सायकल यांपैकीं यशाचा धनी कोण, हा वाद त्या शर्यतींइतकाच जुना आहे.

जर्मनींत कार्ल द्राइस यानें १८१७ सालीं चालविलेल्या लाकडी दुचाकीला पेडलें नव्हतीं; स्वार जमिनीला पायांनीं रेटा देत पुढें जाई. पेडलें बसलीं तीं १८६० नंतर, पॅरिसमध्यें. १८६९ सालीं पॅरिस ते रूआं ही सुमारें १२३ किलोमीटरांची शर्यत जेम्स मूर या इंग्रजानें जिंकली, तेव्हां त्याला जवळजवळ पावणेअकरा तास लागले. पुढें स्टार्ली यानें १८८५ सालीं साखळीनें मागचें चाक फिरविणारी 'रोव्हर' सायकल इंग्लंडांत काढली, १८८८ सालीं डनलॉप यानें हवेचा टायर दिला, आणि लांब पल्ल्याची दौड माणसाच्या आटोक्यांत आली.

अशी एक दौड १९०३ सालीं 'लोतो' या फ्रेंच वृत्तपत्रानें आपला खप वाढविण्यासाठीं भरविली. तीच 'तूर द फ्रान्स'. टप्पे ६, अंतर २,४२८ किलोमीटर. निघाले ६०, शेवटपर्यंत पोंचले २१. संपादक आंरी देग्रांज यांचा आग्रह असा, कीं स्वारानें कोणाचेंहि साहाय्य घेतां कामा नये. सायकल मोडली तर दुरुस्तीहि त्याची त्यानेंच करावी.

या नियमाची खरी किंमत १९१३ सालीं एजेन क्रिस्तोफ यानें मोजली. पिरेनीज पर्वतांतील तूरमाले घाट उतरतांना त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो दहा किलोमीटरांहून अधिक पायीं चालला, खालच्या गांवांतील लोहाराची भट्टी गांठली, आणि पंचांच्या देखत स्वतः लोखंड तापवून चिमटा सांधला. एका लहान मुलानें भाता चालविला, म्हणून वर दंडहि झाला! कित्येक तास गमावूनहि त्यानें ती शर्यत पुरी केली. १९१९ सालीं आघाडीच्या स्वाराचा पिवळा सदरा प्रथम त्यालाच मिळाला. पण अखेरीस चिमटा पुन्हां मोडला, आणि हातीं आलेला विजय गेला. तेव्हां लोकांनीं वर्गणी जमवून त्याचा गौरव केला. नियमानें त्याला हरविलें, लोकांनीं मात्र विजयीच मानलें.

येथें श्रोत्यांच्या मनांत शंका येईल : मोडलेला चिमटा हा स्वाराचा दोष कसा ? कालांतरानें व्यवस्थापकांनाहि तें पटलें. गीअर बदलण्याची साखळीची योजना १९३७ सालीं या शर्यतींत मान्य झाली, आणि आज सुट्या सायकली व कारागीर घेऊन मोटारी स्वारांच्या मागें धांवतात.

तथापि वाद मिटलेला नाहीं. सायकल ६.८ किलोग्रॅमहून हलकी नसावी, असा आंतरराष्ट्रीय नियम २००० सालापासून आहे. सांगाड्यांत विजेची मोटर लपविली नाहीं ना, हेंहि तपासलें जातें. पूर्वीं स्वाराला मदत मिळूं नये म्हणून पहारा असे. आतां यंत्रानें त्याची जागा घेऊं नये म्हणून आहे. हा दुसरा पहारा अधिक न्याय्य होय. भट्टीपुढें उभ्या राहिलेल्या क्रिस्तोफला त्याची गरज होती. त्या पहिल्याची नव्हती.