पावसाळ्यात उभे राहणारे होडीचे इंजिन : घरच्या घरी घ्यावयाची काळजी
(किनारपट्टीवरील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवतो. त्यामुळे मी भाताच्या रोपवाटिकेवर बोलेन, अशी तुमची अपेक्षा असेल. आज मात्र इंजिनावर बोलायचे ठरवले आहे, आणि त्याला कारण आहे. खाडीकाठच्या आपल्या गावांत ज्याचे खाचर त्याचीच होडी, असे घर सर्रास सापडते. भाताचा आणि होडीचा हिशेब एकाच वहीत असतो. प्रक्षेत्रावरील पंपाची व पॉवर टिलरची इंजिने हंगाम संपल्यावर बंद करून ठेवण्याचे काम माझ्याकडे असते, तेव्हा या विषयाशी माझा हाताला ऑईल लागेपर्यंत संबंध आहे.

आपल्या राज्यात यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारीबंदी असते. पुष्कळ जण त्यानंतरही नारळीपौर्णिमेपर्यंत थांबतात. म्हणजे होडी दोन-अडीच महिने उभी. नेमक्या याच सुमारास, मे अखेरीस, धूळवाफेवर भात पेरायचे असते, बांध घालायचे असतात, घर शाकारायचे असते. होडीही आपण ओढून घेतो, झावळ्यांनी नाहीतर ताडपत्रीने शाकारतो, लाकडाला तेल देतो. इंजिनाकडे मात्र "ऑगस्टात बघू" म्हणून पाठ फिरवली जाते. ऑगस्टात गावोगावच्या सगळ्या होड्या एकाच आठवड्यात पाण्यात उतरतात. तेव्हा मिस्त्री एक आणि होड्या अनेक अशी स्थिती असते. ज्याचे इंजिन अडकले, त्याचे हंगामाच्या तोंडावरचे दिवस किनाऱ्यावर जातात. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

इंजिन चालून झिजते हे आपल्याला पटलेले असते. ते उभे राहूनही खराब होते, हे पटत नाही. खाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या छोट्या इंजिनाचे तर उभे राहूनच जास्त नुकसान होते. ते कसे, हे आधी पाहू.

मीठ, दमट हवा आणि जळके ऑईल

थंड देशांतही हिवाळ्यात होड्या बाहेर काढून इंजिने बंद करतात. तिथली भीती पाणी गोठण्याची असते. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि इंजिनाचा ब्लॉक फोडते. म्हणून तिकडची माहितीपुस्तिका न गोठणारे द्रावण भरण्यावर भर देते. आपल्याकडे तो प्रश्न नाही. आपला शत्रू मीठ आहे.

पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे भगिनींना सांगायला नको. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत राहिलेला मिठाचा थर त्या चार महिन्यांत वाळतच नाही. आतल्या आत खारे पाणी तयार होत राहते आणि लोखंड खात राहते. बाहेरून रंग दिलेले इंजिन आतून सडते ते असे.

दुसरा शत्रू जुने ऑईल. वापरलेल्या ऑईलमध्ये काजळी, पाणी आणि इंधनाच्या ज्वलनातून आलेले आम्ल असते. इंजिन रोज चालते तेव्हा त्याचा फारसा त्रास जाणवत नाही, पण दोन महिने तेच ऑईल बेअरिंगवर बसून राहिले की त्यांचा चकचकीतपणा जातो. म्हणून ऑईल ऑगस्टात नव्हे, मे महिन्यात बदलावे. "उभ्या इंजिनात नवे ऑईल कशाला वाया घालवायचे?" असे मला नेहमी विचारतात. ते वाया जात नाही. ऑगस्टात त्याच ऑईलवर इंजिन चालवायचे आहे.

एका समजुतीबद्दल इथेच बोलतो. "आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू करून ठेवतो, म्हणजे ते ताजे राहते," असे सांगणारे खूप भेटतात. एक लिटर डिझेल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन चांगले तापले तर ही वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही. वाफेचा काही भाग आतच थंड होतो आणि ऑईलमध्ये उतरतो. शिवाय होडी किनाऱ्यावर असल्याने पाण्याचा पंप कोरडा फिरतो, त्याचा रबरी पंखा मिनिटा-दोन मिनिटांत जळू शकतो. तेव्हा एकदा नीट बंद केलेले इंजिन ऑगस्टपर्यंत चालू करू नये.

गोड्या पाण्याने धुणे

हे सर्वांत महत्त्वाचे काम, आणि मे महिन्यात सर्वांत अवघडही, कारण विहिरी तळाला गेलेल्या असतात. तरीही दोनशे लिटरचे एक पिंप गोड्या पाण्याने भरून घ्यावे. पाणी आधी चाखून पाहावे. समुद्रालगतच्या विहिरींचे पाणी मेमध्ये मचूळ होते, ते या कामी वापरू नये.

इंजिनाची पाणी खेचणारी नळी समुद्राच्या तोटीपासून सोडवून पिंपात बुडवावी. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि इंजिन मंद गतीवर चालू करावे. सुरुवातीला बाहेर पडणारे पाणी फेकून द्यावे, त्यातच बहुतेक मीठ असते. पाण्याची टंचाई असेल तर त्यानंतरचे पाणी पुन्हा पिंपात सोडले तरी चालते. मात्र शेवटची दोन-तीन मिनिटे वेगळ्या बादलीत राखून ठेवलेले स्वच्छ पाणी द्यावे. एकूण दहा ते पंधरा मिनिटे इंजिन चालू द्यावे. ते पुरेसे तापल्याखेरीज थर्मोस्टॅट उघडत नाही आणि तोवर पाणी सगळ्या वाटांतून फिरत नाही. ज्यांच्या इंजिनात थर्मोस्टॅट काढून टाकलेला आहे, त्यांनीही वेळ कमी करू नये.

काही जण नळाची नळी थेट इंजिनाला जोडतात. तसे करू नये. इंजिन बंद असताना दाबाचे पाणी सायलेन्सरमध्ये भरून उलटे सिलिंडरमध्ये शिरू शकते. पिंपातून पंप लागेल तेवढेच पाणी घेतो. हे सर्व काम उघड्यावर करावे. बंद खोपीत इंजिनाचा धूर जीवघेणा ठरतो.

धुऊन झाल्यावर इंजिन गरम असतानाच जुने ऑईल काढावे. गरम ऑईल पातळ असते, गाळ घेऊन बाहेर येते. फिल्टर बदलावा, नवे ऑईल खुणेपर्यंत भरावे आणि पिंपातल्या पाण्यावरच आणखी दोन-तीन मिनिटे इंजिन चालवावे, म्हणजे नवे ऑईल सगळीकडे पोहोचते. मग इंजिन बंद करून ब्लॉकच्या सगळ्या तोट्या उघडून पाणी काढावे. तोटी उघडली आणि पाणी आले नाही, तर आत पाणी नाही असे समजू नये. बहुधा तोंडाशी गंज अडकलेला असतो. तार घालून तो मोकळा करावा.

पाण्याच्या पंपाचे झाकण काढून रबरी पंखा बाहेर काढावा. तसाच ठेवला तर त्याची पाती एकाच बाजूला वाकून राहतात. पंखा पिशवीत घालून पिशवी हँडललाच बांधावी, म्हणजे ऑगस्टात शोधाशोध होत नाही. इंजिनात जस्ताचा तुकडा बसवलेला असेल तर तोही पाहावा. लोखंडाऐवजी स्वतः झिजणे हेच त्याचे काम असल्याने निम्मा झिजला असेल तर बदलावा. त्याला रंग लावू नये, रंग लावलेले जस्त निरुपयोगी होते.

जळके ऑईल डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे. ते खाडीत किंवा खाचराच्या पाटात ओतू नये. भाताच्या पाण्यावर आलेला तवंग मी पाहिला आहे, आणि त्याच खाडीत आपण पाग टाकतो.

सिलिंडर आणि टाकी

हँडलने चालू होणाऱ्या एक सिलिंडरच्या इंजिनासाठी पुढील पद्धत घरी करता येते. डिझेलची तोटी बंद करावी. नोझल काढता येत असेल तर काढून त्या छिद्रातून दोन चमचे स्वच्छ इंजिन ऑईल सोडावे. नोझल परत बसवताना खालचे तांब्याचे वायसर नवे घालावे. नोझलला हात लावायचा नसेल तर हवेच्या तोंडातून तेवढेच ऑईल सोडावे. हँडल मारताना आपण जी कडी उचलतो ती उचलून धरावी आणि हँडल सावकाश आठ-दहा वेळा फिरवावे. जास्त ऑईल घालू नये. ऑईल दाबले जात नाही, आणि पिस्टनवर ते साचले तर हँडल मारताना कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. शेवटी कडी सोडून हँडल जड लागेल तिथपर्यंत आणून थांबावे. अशा वेळी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि बाहेरची दमट हवा आत जात नाही. दोनपेक्षा जास्त सिलिंडर असलेल्या मोठ्या इंजिनासाठी हे काम मिस्त्रीकडून करून घ्यावे असे माझे मत आहे.

डिझेलची टाकी एकतर काठोकाठ भरावी, नाहीतर पूर्ण रिकामी करून पुसून कोरडी करावी. अर्धवट टाकी सर्वांत वाईट. रिकाम्या भागातल्या हवेचे दव टाकीच्या बाजूंना धरते, खाली उतरते, आणि पाणी व डिझेल जिथे मिळतात तिथे बुळबुळीत काळा थर वाढतो. हा थर म्हणजे सूक्ष्म जीव असतात. तेच पुढे फिल्टर बंद करतात. मे अखेरीस बियाणे आणि खतांसाठीच पैसे पुरत नाहीत, त्यामुळे टाकी भरणे जड जाते, याची मला कल्पना आहे. अशा वेळी उरलेले डिझेल पॉवर टिलरला वापरून टाकी रिकामी केलेली बरी.

फायबरच्या छोट्या होडीवरील पेट्रोलच्या आउटबोर्ड इंजिनाला उलटा नियम आहे. त्यात इंधन ठेवूच नये. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा शोषते. पाणी जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसते आणि कार्बोरेटर गंजतो. म्हणून इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात उभे करून चालवावे, पाणी फेकणाऱ्या छिद्रातून धार येते ना ते पाहावे, आणि मग पेट्रोलची नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडावे आणि दोरी चार वेळा हलकेच ओढावी. पंख्याजवळचे गिअर ऑईल काढून पाहावे. ते दुधासारखे पांढरे असेल तर आत पाणी शिरते आहे. बहुतेक वेळा पंख्यामागे गुंडाळलेल्या तंगुसाने सील कापलेले असते. पंखा काढून तंगूस काढावी, सील बदलावे. हे इंजिन आडवे टाकू नये, घोडीवर उभे ठेवावे, म्हणजे उरलेसुरले पाणी निथळते.

बाकीची कामे थोडक्यात. सायलेन्सरचे आणि हवेचे तोंड ऑईलच्या फडक्याने बंद करावे. उघडे राहिले तर कुंभारीण माशी आत मातीचे घर करते, उंदीरही शिरतात. बंद केल्याची खूण म्हणून हँडलला लाल चिंधी बांधावी, म्हणजे घरातले कोणी चुकून हँडल मारणार नाही. पट्टे सैल करावेत. बॅटरी असेल तर आधी ऋण तार सोडवून ती घरात फळीवर ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी. उघड्या लोखंडाला ग्रीस लावावे. प्लॅस्टिकचा कागद इंजिनाला घट्ट गुंडाळू नये, आतून घाम धरतो. वरून ताडपत्री आणि खालून वारा, अशी रचना ठेवावी.

हे सगळे काम दोन माणसांना एक दिवसाचे आहे. रोपवाटिकेची पेरणी सुरू होण्यापूर्वीचा एक दिवस त्यासाठी आत्ताच ठरवून ठेवावा. पहिला पाऊस पडला की तो दिवस मिळत नाही.

ऑगस्टमध्ये होडी उतरवण्याआधी तोंडातली फडकी काढावीत, तोट्या बंद कराव्यात, रबरी पंख्याला साबणाचे पाणी लावून तो बसवावा, पट्टे ताणावेत, समुद्राची नळी जोडावी. कडी उचलून हँडल दहा-बारा वेळा फिरवावे, म्हणजे सिलिंडरमधले जादा ऑईल निघून जाईल. मग डिझेलच्या नळीतली हवा काढून होडी पाण्यात असताना इंजिन चालू करावे. सुरुवातीला निळसर धूर येईल, त्याची काळजी नको. पाण्याची धार मात्र अर्ध्या मिनिटात दिसली नाही, तर इंजिन ताबडतोब बंद करून आधी पंप उघडून पाहावा.