आकाशाच्या चित्रांचे रंग



10 मे 2024 च्या रात्री लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर पसरलेला लाल प्रकाश टिपला. सूर्यावरून निघालेलं, दोन दशकांतलं सर्वांत मोठं वादळ त्या रात्री पृथ्वीवर धडकलं होतं. छायाचित्रं मोबाइलवरून घरोघर पोचली आणि पाठोपाठ शंकाही आली: हा रंग खरा, की कॅमेऱ्याची करामत?

रंग खरा आहे आणि तो ऑक्सिजनचा आहे. चेतवलेला ऑक्सिजनचा अणू लाल प्रकाश लगेच सोडत नाही. जवळजवळ दोन मिनिटं थांबतो. तेवढ्यात दुसरा कण येऊन आदळला, तर ऊर्जा त्या धक्क्यातच जाते, प्रकाश उमटतच नाही. म्हणून हा लाल रंग 200 किलोमीटरच्या वरचा. तिथं हवा इतकी विरळ, की अणूला तेवढी उसंत मिळते. हिरव्या प्रकाशाला पाऊण सेकंद पुरतो. तो 100 किलोमीटरच्या आसपासही उजळतो. नॉर्वेतल्या ध्रुवीय प्रकाशाचं चित्र पाहाल तेव्हा खाली हिरवा आणि वर लाल का, हे त्यातून उलगडतं. मला तर हे कळल्यापासून ती चित्रं अधिकच देखणी वाटतात.

दीर्घिकांचंही तसंच. श्यामशबल तारकासमूहातल्या एम-51 या सर्पिल दीर्घिकेचं हबल दुर्बिणीनं टिपलेलं, 2005 मध्ये प्रसिद्ध झालेलं चित्र जरूर शोधा. पिवळसर गाभ्यात म्हातारे तारे आहेत. भुजांवरची निळाई तरुण, धगधगत्या ताऱ्यांची. गुलाबी ठिपके तप्त हायड्रोजनचे. तिथं तारे आत्ता जन्मताहेत. आत्ता म्हणजे दोन कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, कारण तो प्रकाश तेव्हा निघाला.

जेम्स वेब दुर्बीण मात्र डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपते. तिथले रंग माणसं ठरवतात, पण मनमानीनं नाही: लांब लहरींना तांबडा, आखूड लहरींना निळा. गायकानं पट्टी बदलली तरी सुरांमधली अंतरं तीच राहतात, तसं हे आहे.

आणखी एक करून पाहा. आयर्लंडच्या लॉर्ड रॉस यांनी 1845 मध्ये सहा फुटी आरशाच्या दुर्बिणीतून हीच एम-51 नुसत्या डोळ्यांनी न्याहाळून कागदावर रेखाटली. ते रेखाटन हबलच्या चित्राशेजारी ठेवा. रंग नाहीत, पण भुजांचा पीळ आणि कडेची छोटी सोबतीण दीर्घिका, दोन्ही ओळखू येतात.